औंध: डोंगरावरची देवी आणि बहात्तर गावांचं स्वराज्य

आज आपण औंधला जाणार आहोत. एक खुलासा सुरुवातीलाच करून टाकू, कारण तो दर वेळी करावा लागतो. पुण्यातलं औंध नव्हे. हे सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं औंध. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे गेलं तर साधारण चाळीसेक किलोमीटर. पाऊस बेताचा, माळ उघडे, आणि मध्येच एक डोंगर.

लोक इथे दोन गोष्टींसाठी येतात: यमाई आणि म्युझियम. दोन्ही एकाच डोंगरावर आहेत, माथ्यावर देवीचं मूळपीठ आणि उतारावर श्री भवानी संग्रहालय. सकाळी लवकर निघालं तर दोन्ही बघून माणूस संध्याकाळी साताऱ्यात परत. आमची तक्रार एवढीच आहे की औंधची सगळ्यात मोठी गोष्ट या दौऱ्यात येत नाही. तिला इमारत नाही, तिकीट नाही, पाटीही नाही. तिच्याकडे येऊच, पण डोंगरावरून येऊ.

पायऱ्यांनी वर गेलं की आधी तट दिसतो. देऊळ कमी आणि गढी जास्त, असं वाटावं अशी ती बांधणी. आत काळ्या पाषाणाची भव्य, बसलेली देवी. कथा आपल्याला माहीत असते: औंधासुराला मारायला जोतिबानं हाक मारली, 'ये माई', आणि त्यावरून यमाई. व्युत्पत्ती म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये, पण कोल्हापूरकडचा जोतिबा आणि माणदेशाच्या कडेची ही देवी एकमेकांना बांधलेली आहेत, हे ती कथा बरोबर सांगते. दर्शन झाल्यावर लगेच उतरू नका. तटाजवळ उभं राहून चहूकडे बघा. दूर मोकळ्या रानात एकटाच उभा असलेला भूषणगड दिसतो. त्यावर हरणाईचं देऊळ आहे. दोन डोंगर, दोन देव्या, मध्ये शेतं.

ही यमाई पंतप्रतिनिधींची कुलदेवता. प्रतिनिधी हे पद राजाराम महाराजांच्या जिंजीच्या काळातलं. किन्हईच्या परशुराम त्रिंबकांपासून ते या घराण्यात स्थिरावलं. पुढे सातारचं राज्य खालसा झालं, आणि औंध हे इंग्रजांच्या छत्राखालचं एक छोटं संस्थान उरलं. छोटं म्हणजे किती? बहात्तर गावं, सुमारे पाचशे चौरस मैल. आणि तीही सलग नाहीत बरं का. औंधचा तुकडा इथे, कुंडलचा तिकडे, आटपाडी माणदेशात, आणि गुणदाळ तर पार विजापूरकडे, कानडी मुलखात. आपल्याच राज्याच्या दुसऱ्या तालुक्यात जायला राजाला इंग्रजांच्या हद्दीतून जावं लागे.

१९०९ साली या विखुरलेल्या राज्याच्या गादीवर भवानराव श्रीनिवासराव आले. बाळासाहेब पंतप्रतिनिधी. संस्थानिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिकार, मोटारी आणि पोलो येतं. हे गृहस्थ सूर्यनमस्कार घालत, कीर्तन करत आणि चित्रं काढत. शाळांतून सूर्यनमस्कार त्यांनी सक्तीचे केले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त धनगरांच्या वाडीवर तालीम उभी राहते आणि तिच्या उद्घाटनाला राजा येतो, तो राजा या बाळासाहेबांच्याच वळणाचा. माडगूळकर आटपाडीकडच्या माडगूळचे, म्हणजे याच संस्थानचे.

आता उतारावरचं म्युझियम. १९३८ मध्ये ते उभं राहिलं, आणि मुद्दाम गावात, वाड्यात नाही. रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, युरोपीय चित्रांच्या नकला आहेत, ग्रंथालय आहे. सहा ऋतूंचे संगमरवरी पुतळे आहेत, त्यांच्यापाशी शाळेच्या सहलीतली मुलं हमखास घुटमळतात. आणि हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्प आहे. मूरचं काम बघायला लोक लंडनला जातात. इथे ते खटावच्या माळावर आहे, आणि अनेकजण त्याच्यासमोरून न थांबता पुढे जातात. आमचं मत विचाराल तर हा संग्रह थोडा गर्दीचा आहे, निवड सगळीकडे सारखी कसाची नाही. पण एक माणूस आपल्या प्रजेला काय काय दाखवू इच्छित होता, ते त्यात स्वच्छ दिसतं. अजिंठा आणि वेरूळ या दोन्हींवर त्यांनी पुस्तकं केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तिच्यामागेही यांचं पाठबळ होतं.

माणसं ओळखणं हा त्यांचा दुसरा गुण. बेळगावात जागेची अडचण झालेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा ओसाड माळ दिला. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. पंडित सातवळेकर औंधात येऊन राहिले, आणि स्वाध्याय मंडळाचं वेदांचं काम इथून चाललं. अंतुबुवा जोशी दरबारचे गवई. त्यांनी १९४० पासून गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ जो संगीत उत्सव चालू केला, तो अजून होतो. जमलं तर औंधची फेरी त्या दिवसांत ठेवा.

आता ती इमारत नसलेली गोष्ट.

१९३८ मध्ये, सत्तरी गाठलेल्या बाळासाहेबांनी जाहीर केलं की राज्याचा कारभार प्रजेच्या हाती द्यायचा. यामागे दोन तरुण होते. एक त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत, विलायतेहून शिकून आलेले. दुसरे मॉरिस फ्रिडमन, जन्मानं पोलिश ज्यू, बंगळूरमध्ये विजेच्या कारखान्यात इंजिनियर. (हेच फ्रिडमन पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांकडे पोचले आणि त्यांची मराठी संभाषणं 'आय ॲम दॅट' म्हणून इंग्रजीत नेली. माणूस कुठून कुठे जातो बघा.) दोघं मसुदा घेऊन सेवाग्रामला गेले. गांधीजींनी तो नुसता वाचला नाही, त्याची मांडणीच बदलली. दिल्लीत जशी संसद असते तशी एक औंधमध्ये नको, सुरुवात गावापासून करा, असा त्यांचा आग्रह. २१ जानेवारी १९३९ रोजी स्वराज्याची राज्यघटना अमलात आली.

रचना अशी: गावानं पाच पंच निवडायचे. गावांच्या पंचायतींतून तालुक्याची समिती, आणि तालुक्यांतून वरचं विधिमंडळ. किरकोळ तंटे गावातच मिटवायचे. न्यायासाठी शेतकऱ्यानं कोर्टाच्या गावी खेटे घालायचे नाहीत, न्यायाधीशानं गावात यायचं. आज पंचायत राज आपल्याला सवयीचं झालंय, म्हणून यातलं धाडस जाणवत नाही. तेव्हा अवतीभवतीच्या बहुतेक संस्थानांत प्रजा परिषदेचं नाव काढलं तरी तुरुंग होता.

अर्थात यात खटकण्यासारखं आहेच. मतदानाला साक्षरतेची अट घालण्यावर गांधीजींचा जोर होता. हेतू असा की राज्यावर शिकवण्याची जबाबदारी येईल. पण ज्याला अक्षर कधी शिकवलंच नाही त्याच्या वाट्याला ही अट कशी येते, हा प्रश्न उरतो. आणि राजानं दिलेलं स्वराज्य हे अखेर दिलेलं असतं, मिळवलेलं नव्हे.

मिळवणारेही याच मुलखात होते. बेचाळीसच्या चळवळीत नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, त्याचं एक मोठं ठाणं कुंडल. जी. डी. बापू लाड कुंडलचेच. संस्थानी हद्द असल्यानं इंग्रजांच्या पोलिसांना तिथे मोकळं रान नव्हतं, आणि भूमिगतांना त्याचा आडोसा झाला. तुटक नकाशाचा असाही उपयोग.

मग १९४८ उजाडलं. गांधीजींचा खून झाला आणि दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं पेटली. ज्या मुलखानं गांधीजींच्या सल्ल्यानं घटना केली होती, त्यालाही झळ लागली. किर्लोस्करवाडीवर जमाव चालून गेला. सातवळेकरांनी औंध सोडलं, ते गुजरातेत पारडीला गेले. माडगूळकरांची 'वावटळ' ही कादंबरी त्याच दिवसांची आहे. म्युझियमच्या दालनांत या दिवसांचा मागमूस नाही. आमच्या मते असायला हवा. ८ मार्चला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि घटनेची नऊ वर्षं संपली.

तिचं काही बघायला मिळतं का? एक जागा आहे, औंधमध्ये नाही, आटपाडीजवळ. स्वतंत्रपूर. १९३९ मध्ये संस्थानानं कैद्यांसाठी वसवलेली खुली वसाहत. कल्पना फ्रिडमनची. गंभीर गुन्ह्यांतले कैदी इथे बेड्यांशिवाय राहत, शेती करत, बायकामुलांसह संसार करत. ग. दि. माडगूळकर औंधच्या शाळेत शिकलेले. त्यांना ही वसाहत माहीत होती, आणि त्यांच्या कथेवर शांतारामबापूंनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. तो सिनेमा बर्लिनला गौरवला गेला.

स्वतंत्रपूर आजही चालू आहे. तेव्हा तिकडे वाट वाकडी करणार असाल तर एक लक्षात ठेवा: ती पर्यटनाची जागा नाही. तिथली माणसं शिक्षा भोगत आहेत आणि घरंही त्यांचीच आहेत. कॅमेरा गाडीत ठेवा, शेतं रस्त्यावरूनच बघा.