छप्पर बायकांचं, मत पुरुषांचं

फ्रान्सच्या डोंगरी गावांच्या फोटोंत एक गोष्ट हमखास दिसते. दगडी कुंड, तोटीतून पडणारं पाणी, शेजारी छपराखाली कपडे धुवायचा हौद आणि भोवती फुलांच्या कुंड्या. या धुण्याच्या जागेला तिकडे 'लाव्हवार' म्हणतात.

गंमत म्हणजे इथे पाण्याला रांग लावलेली असते. तोटीखाली प्यायचं पाणी भरायचं, ओसंडलेलं गुरांच्या हौदात आणि शेवटी उरलेलं धुण्याला. आम्हा प्रोग्रॅमर लोकांना हे डिझाइन लगेच आवडतं. साबणाचं पाणी उलटं वर चढूच शकत नाही, त्यामुळे राखणदार नको की दंड नको.

आल्प्समधलं सँ-व्हेराँ हे गाव दोन हजार मीटरच्या वर आहे. घरं लाकडी, त्यामुळे आग पसरू नये म्हणून वस्त्यांमध्ये मोकळी जागा सोडलेली. प्रत्येक वस्तीला स्वतःचं कुंड आणि पाव भाजायची सामायिक भट्टी. (तिथली कुंडं मात्र बहुतेक लाकडाची.)

आता छपराची गोष्ट. आधी कितीतरी गावांत बायका ओढ्यावर उघड्यातच धुवायच्या. १८३२ आणि १८४९ मध्ये कॉलऱ्याच्या मोठ्या साथी आल्या आणि स्वच्छता हा सरकारचा विषय झाला. ३ फेब्रुवारी १८५१ च्या कायद्याने सार्वजनिक न्हाणीघरं आणि लाव्हवार बांधायला ६ लाख फ्रँकची तरतूद केली. पुढच्या काही दशकांत गावोगावी असे हौद उभे राहिले.

काम मात्र तेवढंच अवघड राहिलं. जाड चादरींचं मोठं धुणं वर्षातून मोजक्या वेळा निघायचं. पिंपात कपडे रचून राखेवरून गरम पाणी पुन्हापुन्हा ओतायचं (राखेचा हा उपयोग आपल्या आज्यांनाही माहीत होता). मग हौदावर न्यायचं, गवत भरलेल्या लाकडी खोक्यात गुडघे टेकायचे, थापीने बडवायचं आणि बर्फासारख्या पाण्यात खळबळायचं.

आणि हे हौद कुठे, केवढे, कधी बांधायचे हे कोण ठरवायचं? गावची कौन्सिल. १८४८ मध्ये फ्रान्समधल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना मताचा हक्क मिळाला. बायकांना तो मिळाला १९४४ मध्ये, आणि त्यांनी पहिलं मत टाकलं २९ एप्रिल १९४५ च्या स्थानिक निवडणुकीत. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं, जिचे हात पाण्यात तिला त्या पाण्याबद्दल मतच नव्हतं! मत मिळालं आणि थोड्याच वर्षांत घरोघरी नळ आले, पाठोपाठ वॉशिंग मशीन. लाव्हवार ओस पडले.

"तिथल्या गप्पा गेल्या, एकोपा गेला" अशी हळहळ बऱ्याचदा ऐकू येते. गप्पा खऱ्याच होत्या, नाही असं नाही. पण हळहळणाऱ्याला मी एकच विचारीन : बाबा रे, गुडघे कुणाचे होते?