दोरीला बांधलेला वेग

गेल्या वेळी आपण खेळ आणि काम यांच्यातल्या सीमारेषेविषयी बोललो. शेवटी एका श्रोत्याने विचारलं, "सर, एखादं उदाहरण द्या ना." ते आज देतो. तत्त्वज्ञानाच्या माणसाने इंजिनांबद्दल बोलावं याचं काहींना नवल वाटेल, पण चालवून घ्या.

गोष्ट अमेरिकेतली आहे. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला फिलाडेल्फियाच्या विल्यम ब्राऊन या तरुणाने मुठीत मावेल एवढं, सुमारे 10 सीसीचं पेट्रोल इंजिन तयार केलं. त्याचा उद्देश छोटी विमानं उडवणं हा होता. दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींनी अशी इंजिनं हातभर लांबीच्या मोटारींत बसवली. लॉस एंजेलिसच्या डूलिंग बंधूंचं नाव यात आघाडीवर आहे. मोटारींची रूपं इंडियानापोलिसच्या शर्यतीतल्या गाड्यांसारखी असत.

आता अडचण बघा. गाडीत चालक नाही, सुकाणू नाही, ब्रेक नाही. रेडिओ नियंत्रण त्या काळी हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर होतं. मग उपाय काय? मैदानाच्या मधोमध खांब, खांबाला पोलादी तार आणि तारेच्या टोकाला गाडी. वर्तुळाचा व्यास 70 फूट. म्हणजे परीघ साधारण 220 फूट आणि 24 फेऱ्यांचा बरोबर एक मैल! काठीने ढकलून गाडी सुरू करायची, आपण बाजूला व्हायचं आणि घड्याळ लावायचं. थांबवायची असेल तर गाडीवरच्या छोट्या दांडीला झाडूचा फटका द्यायचा, की इंधन बंद. लोक या गाड्यांना गमतीने 'स्पिनडिझी' म्हणत.

हे ऐकायला पोरखेळ वाटतं, पण हिशेब करू या. ताशी 100 मैल वेगाने एक फेरी दीड सेकंदात होते. गाडी तीन किलोची धरली, तर तारेवर सुमारे 57 किलो वजन टांगल्यासारखा ताण येतो. वेग दुप्पट झाला की ताण चौपट, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. आपल्याकडे शेतात पाखरं हाकायला गोफण वापरतात. तार तुटली तर ती गाडी म्हणजे गोफणीतून सुटलेला दगडच. म्हणून प्रेक्षकांसाठी भक्कम कुंपण लागतं.

दुसऱ्या महायुद्धात धातू आणि कारखाने युद्धसामग्रीकडे वळले आणि हा छंद थंडावला. युद्ध संपल्यावर मात्र तो जोरात फोफावला. 1947 मध्ये रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला. त्याआधी प्रत्येक गाडीत ठिणगीसाठी कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी वागवावी लागे. आता प्लगची तार सुरुवातीला बॅटरीवर तापवली की पुढे ज्वलनाच्या उष्णतेनेच लाल राहते. इंधन बदललं, मिथेनॉल आलं आणि वंगणाला एरंडेल! आपल्या आजीच्या बाटलीतलं तेच एरंडेल.

आणि गंमत अशी की वेग वाढत असताना, 1940 चं दशक संपता संपता, छंद ओसरू लागला. याची कारणं सहसा अशी सांगतात: हलक्या, स्वस्त इंजिनांमुळे तारेवरची विमानं लोकप्रिय झाली, गाडीला खास ट्रॅक लागतो, विमानाला मोकळं मैदान पुरतं. हे खरंच आहे. पण आम्हाला आणखी एक कारण दिसतं. घड्याळ हाच एकमेव न्यायाधीश झाला, तेव्हा गाडी 'गाडीसारखी' दिसण्याची गरज उरली नाही. ती चपटी, माशासारखी झाली. शिवाय वेगवान गाडी तयार विकत मिळू लागली. मग स्वतः लेथवर बसून घडवणाऱ्याने हरायला यायचं कशाला?

इथे आम्हाला गिल्बर्ट राइल आठवतात. त्यांचं 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' 1949 चं. 'अमुक असं आहे' हे जाणणं वेगळं आणि 'अमुक कसं करायचं' हे जाणणं वेगळं, असं ते म्हणतात. पहिलं ज्ञान पुस्तकात लिहिता येतं, दुसरं हातात राहतं. आमचे वडील मुंबईतल्या एका गिरणीत फिटर होते. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्रावर आणि मूठ कानाला लावून ते सांगत, "बेअरिंग जातंय." आम्ही विचारायचो, "कसं कळलं?" ते म्हणत, "ऐक की!" आम्ही ऐकायचो, आम्हाला नुसती घरघर. पुढे आम्ही ज्ञानमीमांसेवर प्रबंध लिहिला, पण तो आवाज काही कळला नाही. वडील गेले आणि त्यांच्याबरोबर तो कानही गेला. गाडी विकत घेता येते, तो कान घेता येत नाही. छंद आटतो तेव्हा आपण नेमकं हे गमावतो.

पण तो पुरता आटला नाही, हेही सांगितलं पाहिजे. युरोपात, बाझेलला, टॅलिनला, आजही असे ट्रॅक आहेत. 10 सीसीच्या गाड्या तिथे ताशी 300 किलोमीटरच्या वर जातात. पिकल्या केसांची माणसं स्वतः कातलेले भाग बसवतात, प्लग बदलतात, कान देऊन ऐकतात. बक्षिसात फारसा पैसा नाही, प्रेक्षकही थोडेच. तर मग हे काम म्हणायचं की खेळ?

आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. का, ते पुढच्या गुरुवारी पाहू. तोवर तुमच्या घरात असं हातातलं ज्ञान कोणाकडे असेल, तर त्यांच्याजवळ तासभर बसा. आम्ही बसलो नाही.