नकली कॅल्कोलाइट

युरेनियमची दुय्यम खनिजं दिसायला भलतीच देखणी. टॉर्बर्नाइटच घ्या ना. पाचूसारखे हिरवे, चौकोनी पापुद्रे. तांबं, युरेनियम, फॉस्फेट आणि पाणी, एवढाच मामला. कोरड्या हवेत यातलं काही पाणी उडून जातं आणि मेटाटॉर्बर्नाइट उरतं. असो. मला रस आहे तो १८९८ सालात.

तेव्हा याला कॅल्कोलाइटही म्हणत. पॅरिसमध्ये मारी क्युरी एकेक खनिज घेऊन त्याची किरणं मोजत होत्या. हा हिरवा दगड चक्क शुद्ध युरेनियमच्या दुपटीहून जास्त किरणं सोडत होता. आता आली का पंचाईत! युरेनियम कमी आणि किरणं जास्त? आपण असतो तर उपकरणावर खापर फोडून मोकळे झालो असतो. बाईंनी सरळ प्रयोगशाळेतच कॅल्कोलाइट बनवलं. घटक तेच, रचना तीच. मोजलं, तर किरणं युरेनियमच्या निम्म्याहूनही कमी! म्हणजे खाणीतल्या दगडात आणखी कुणीतरी लपलेलं होतं. (याला म्हणतात डीबगिंग!)

मग पिचब्लेंडचा पिच्छा पुरवला. जुलैत पोलोनियम, डिसेंबरात रेडियम. दोन्ही युरेनियमचीच पिल्लं, हे मात्र नंतर कळलं. खाणीत ती हजारो वर्षं साचत जातात. नकली कॅल्कोलाइटला तेवढा वेळच मिळाला नव्हता.