चेंडू नेमका कुठे लागला? एका खुणेचा इतिहास

या व्याख्यानमालेत आपण खेळांच्या साधनांचा इतिहास पाहतो आहोत. आजचा विषय वरवर अगदी किरकोळ वाटेल. बॅटला किंवा गोल्फच्या क्लबला चेंडू लागला, तो नेमका कुठे लागला, हे दाखवणाऱ्या युक्त्यांचा हा इतिहास आहे. रंग, पावडर, चिकटपट्टी, फ्लॅशचा दिवा, कॅमेरा, सेन्सर अशी ही सगळी मंडळी. पण यामागे एक मोठा प्रश्न दडलेला आहे. जी गोष्ट आपल्या हातात, आपल्याच हाताने घडते, ती आपल्याला खरंच कळते का? आणि ती दुसऱ्या कुणाला आपल्यापेक्षा जास्त नीट कळू लागली, तर खेळाचं काय होतं?

आधी थोडं विज्ञान बघू, म्हणजे पुढचा इतिहास सोपा जाईल.

हाताला कळतं, पण उशिरा

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एडिंबरा विद्यापीठात पीटर गथ्री टेट नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांना गोल्फचं वेड. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट तर त्या काळचा नामवंत गोल्फपटू, १८९६ आणि १८९८ या दोन्ही वर्षी ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकलेला. टेट यांनी चेंडूच्या उड्डाणावर काम केलंच, शिवाय 'आघात' या विषयावरही प्रयोग केले. वरून वजन सोडायचं, ते रबर, कॉर्क, लाकूड अशा पदार्थांवर आदळणार, आणि गोल फिरणाऱ्या काचेच्या तबकडीवर त्याची रेघ उमटणार. त्या रेघेवरून दोन वस्तू एकमेकींना किती वेळ चिकटून राहतात हे मोजता येई. आघात म्हणजे निव्वळ क्षण नव्हे, त्यालाही लांबी असते आणि ती मोजता येते, ही दृष्टी आपल्याला तिथे मिळते.

ती लांबी किती? गोल्फच्या जोरदार फटक्यात क्लब आणि चेंडू एकत्र असतात सुमारे ०.०००५ सेकंद, म्हणजे एका सेकंदाचे दोन हजार भाग केले तर त्यातला एक. तेवढ्या वेळात क्लब जेमतेम दोन सेंटिमीटर पुढे सरकतो. क्रिकेटच्या बॅटवर चेंडू साधारण सेकंदाचा हजारावा भाग टिकतो.

१९६८ साली ॲलिस्टेअर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांचं 'द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग' हे पुस्तक आलं. ग्रेट ब्रिटनच्या गोल्फ सोसायटीने शास्त्रज्ञांकडून करून घेतलेल्या अभ्यासाचा तो गोषवारा. त्यातला एक निष्कर्ष आजही खेळाडूंना पचत नाही. आघाताचा धक्का क्लबच्या दांड्यातून वर हातापर्यंत पोचेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. आणि हातापासून मेंदूपर्यंत संदेश जायला आणखी सेकंदाचा शंभरावा-पन्नासावा भाग लागतो. तोवर चेंडू मीटरभर पुढे!

म्हणजे 'आज बॅटवर मस्त येतोय' असं आपण म्हणतो, तेव्हा आपण झालेल्या गोष्टीची आठवण सांगत असतो. त्या आठवणीत हाताची झिणझिण असते, आवाज असतो, आणि चेंडू कुठे गेला हे डोळ्यांनी पाहिलेलंही मिसळलेलं असतं. अनुभवी खेळाडूची ही आठवण बरीच अचूक असते. नवशिक्याची नसते. त्याला कळतं ते एवढंच, की हात झणझणले. बॅटच्या टोकाला लागला की वर मुठीजवळ, हे त्याला विचारून बघा, उत्तर डळमळीत येईल.

खुणा आपोआप उमटत होत्या

क्रिकेटला या बाबतीत एक देणगी मिळालेली आहे. लाल चेंडू. नव्या पांढऱ्याशुभ्र बॅटवर चेंडूच्या रंगाचे लाल ठिपके उमटतात. आपल्याकडच्या कुठल्याही मैदानावर नेट संपल्यावर मुलं एकमेकांच्या बॅटी हातात घेऊन काय बघतात? लाल ठसे कुठे आहेत ते. मधोमध गर्दी असेल तर बॅटवाल्याची मान ताठ. कडेला, टोकाला विखुरलेले असतील तर बॅट गुपचूप कव्हरमध्ये जाते. यात एक पैशाचं साधन नाही. आणि भर पावसात ओल्या टेनिस बॉलने खेळणाऱ्यांना तर बॅटवर ओला गोल मिळतोच. तोही फुकट.

गोल्फमध्ये अशी खूण लगेच दिसत नाही. तिथे ती वर्षानुवर्षांच्या झिजेतून दिसते. याचं एक सुंदर उदाहरण आहे. १९५० ची अमेरिकन ओपन, मेरियन इथे. बेन होगन. सोळा महिन्यांपूर्वी मोटार अपघातात जवळजवळ मेलेला माणूस. ७२ व्या होलवर त्याने एक नंबरच्या लोखंडी क्लबने मारलेला फटका आणि हाय पेस्किन यांनी टिपलेलं त्याचं छायाचित्र गोल्फच्या इतिहासात अजरामर झालं. तो क्लब त्यानंतर चोरीला गेला. तीसेक वर्षांनी, १९८३ मध्ये, एक जुना क्लब समोर आला. त्याच्या मारायच्या बाजूवर एकाच ठिकाणी नाण्याएवढी झीज होती. बाकी पृष्ठभाग जवळपास तसाच. इतक्या नेमकेपणाने एकाच जागी चेंडू कोण मारत असेल? स्वतः होगन यांनी तो आपलाच असल्याचं सांगितलं. माणसाच्या सहीसारखी ती झीज होती.

आता क्रिकेटमधला एक किस्सा, जो सगळ्यांना माहीत आहे. बाऊरल गावातला छोटा डॉन ब्रॅडमन. पाण्याच्या टाकीखालच्या विटांच्या बांधकामावर गोल्फचा चेंडू फेकायचा आणि उलटून आलेला स्टंपने मारायचा. हा किस्सा आपण चिकाटीचं उदाहरण म्हणून सांगतो. जरा साधन म्हणून बघू या. नियमाप्रमाणे बॅटची रुंदी ४.२५ इंच, स्टंपची जास्तीत जास्त १.५ इंच. म्हणजे बॅटच्या जवळपास एक तृतीयांश. गोलसर असल्यामुळे उपयोगी भाग त्याहून कमी. इथे वेगळी खूण लागतच नाही. मधोमध लागला नाही तर चेंडू भलतीकडे जातो किंवा चुकतोच. आज दुकानात सरावासाठी अरुंद बॅटी मिळतात, त्यांच्यामागचं तत्त्व हेच.

उड्डाण फसवतं

इथे कुणी विचारेल, मग क्लबलाही वेगळी खूण कशाला? चेंडू कुठे गेला ते बघा, कळेलच. गोल्फमध्ये हे खरं नाही, आणि म्हणूनच तिथे खुणेची साधनं सगळ्यात जास्त वाढली.

लांब मारायच्या क्लबची, म्हणजे ड्रायव्हरची, मारायची बाजू सपाट नसते, किंचित फुगीर असते. चेंडू पुढच्या टोकाकडे लागला की क्लब हातात पिळला जातो, आणि दोन दातेरी चाकं एकमेकांना उलटी फिरवतात तशी चेंडूला उलटी फिरकी मिळते. फुगीरपणामुळे चेंडू आधी बाहेर निघतो आणि फिरकीमुळे वळून आत येतो. कारागिरांनी ही सोय मुद्दाम ठेवली, म्हणजे चुकीला थोडी क्षमा. पण शिकणाऱ्याचं काय होतं? चेंडू मैदानाच्या मध्यात पडलेला दिसतो आणि तो समजतो, छान लागला. खरं तर टोकाला लागलेला असतो, आणि अंतर गेलेलं असतं.

यावर उपाय म्हणून सरावाच्या मैदानावर वेगवेगळे जुगाड आले. क्लबवर खडू घासायचा. पायाला मारायची पावडर फवारायची, तिचा पातळ पांढरा थर बसतो आणि चेंडू लागेल तिथला थर निघून ठसा दिसतो. आणि मग दुकानी माल, दाबलं की रंग बदलणारी चिकटपट्टी. स्वस्त, साधी, लगेच उत्तर देणारी. तिच्यातही एक गोम आहे. मधे कागद आला की क्लबची चेंडूवरची पकड बदलते, फिरकी बदलते. म्हणजे पट्टी लावून मारलेल्या चेंडूची जागा खरी, पण त्याचं उड्डाण खरं धरायचं नाही.

प्रयोगशाळेतून दोन वाटा

१९३० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी अतिशय अल्पकाळ चमकणारा स्ट्रोबचा दिवा छायाचित्रणासाठी वापरला. डेनी शूट, बॉबी जोन्स अशा गोल्फपटूंचे स्विंग त्यांनी टिपले. क्लबवर आदळून चेपलेला चेंडू माणसाला असा डोळ्यांसमोर थांबलेला दिसला. जो क्षण खेळाडूच्या हातालाही कळत नव्हता, तो कागदावर आला.

हे ज्ञान पुढे दोन वाटांनी गेलं. एक वाट म्हणजे खेळाडूला सुधारा. दुसरी म्हणजे साधनच सुधारा. दुसऱ्या वाटेवर कार्स्टन सोल्हाइम भेटतात. नॉर्वेत जन्मलेले, जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर. पटर मध्यभागी लागला नाही तर पिळतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग वजन मधे ठेवण्याऐवजी दोन्ही टोकांना ठेवलं तर? साखरेचे चौकोनी खडे आणि आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून ते हे लोकांना समजावत. १९५९ मध्ये त्यांनी पटर बनवला. तो मारताना जो आवाज यायचा, त्यावरून नाव पडलं 'पिंग'. टेनिसमध्ये हॉवर्ड हेड यांनी हेच केलं. रॅकेट हातात पिळते, तर ती रुंद करा. त्यांच्या मोठ्या रॅकेटला १९७६ मध्ये पेटंट मिळालं.

आपल्याला वाटतं की 'मधली जागा' निसर्गाने ठरवली आहे. पण हॉवर्ड ब्रॉडी यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञांनी रॅकेटवर आणि बेसबॉलच्या बॅटवर काम करून दाखवलं, की 'गोड जागा' एक नसतेच. हाताला झटका कमी लागतो ती एक जागा, कंपन कमी होतं ती दुसरी, चेंडू सर्वांत वेगाने जातो ती आणखी वेगळी असू शकते. त्या जवळजवळ असतात, पण एक नसतात. म्हणून चिकटपट्टीवरचा ठसा अगदी भौमितिक मध्यावर आला पाहिजे असा हट्ट धरणं बरोबर नाही.

खूण शिकवायला की न्याय करायला?

इथपर्यंत खूण शिक्षकाच्या हातात होती. गेल्या तीस वर्षांत ती पंचाच्या हातात गेली. १९९० च्या दशकात ॲलन प्लॅस्केट या इंग्लिश संगणकतज्ज्ञाने स्निकोमीटर बनवलं. स्टंपजवळचा मायक्रोफोन आणि हळू फिरणारं चित्र एकत्र. २००६ च्या ॲशेस मालिकेत हॉट स्पॉट आलं. चेंडू घासला की उष्णता निर्माण होते, ती इन्फ्रारेड कॅमेऱ्यात पांढरा ठिपका म्हणून दिसते. मैदानावरच्या मुलांचा लाल ठिपका आणि हा पांढरा ठिपका, कल्पना एकच. फरक हेतूत. लाल ठिपका विचारतो, 'कसं खेळलास?' पांढरा ठिपका विचारतो, 'बाद आहेस का?'

आणि इथेच प्रश्न गंभीर होतो. सरावात खूण उमटली नाही तर आपण पुन्हा मारतो. पंचाच्या पडद्यावर खूण उमटली नाही तर त्याचा अर्थ काय? लागलाच नाही, की लागला पण दिसला नाही? अगदी हलकी कड घासली तर पुरेशी उष्णता निर्माण होतेच असं नाही. २०१३ च्या ॲशेसमध्ये तर फलंदाज ठिपका लपवायला बॅटच्या कडेला सिलिकॉनची टेप लावतात असा आरोप झाला. केव्हिन पीटरसनने तो साफ नाकारला. भारतीय मंडळ अनेक वर्षं या सगळ्या पद्धतीला तयार नव्हतं. त्यांच्या हटवादीपणावर टीका झाली, पण 'खूण नसणं हा पुरावा आहे का' ही शंका निराधार नव्हती. आयसीसीने एमआयटीतल्या अभियंत्यांकडून ही तंत्रं तपासून घेतली. जिथे एजर्टन यांनी चेपलेला चेंडू टिपला, तीच संस्था. आणि २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेपासून भारताने ही पद्धत स्वीकारली.

त्याच सुमाराला खूण पुन्हा शिक्षकाकडेही परतू लागली. २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत बॅटच्या मुठीवर सेन्सर दिसले. २०१८ मध्ये अनिल कुंबळे यांच्या कंपनीने बॅटवर चिकटवायचा छोटा सेन्सर आणला. बॅटचा वेग, चेंडू लागताना बॅट किती पिळली, फटका मधल्या जागेच्या किती जवळ होता, हे आकड्यांत सांगणारा.

मग शिक्षक कशाला?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खूण 'कुठे' ते सांगते, 'का' ते सांगत नाही. गोल्फमध्ये टोकाला ठसा उमटतो तो कधी चेंडूपासून लांब उभं राहिल्यामुळे, कधी वजन टाचांवर गेल्यामुळे, कधी हात आत ओढल्यामुळे. ठसा एकच, कारणं तीन. नुसता ठसा बघणारा मुलगा काय करतो? ठसा मधे आणायला क्लब वेडावाकडा वळवतो. ठसा सुधारतो, खेळ बिघडतो. हे फक्त खेळात होतं असं नाही. परीक्षेचे गुण, दुकानाचे तारे, सगळीकडे आपण खूण सुधारायला जातो आणि ती ज्याची खूण आहे ते विसरतो.

दुसरं टोकही तितकंच चुकीचं. 'मला हाताला कळतं, मला साधन नको' असं म्हणणाऱ्या अनुभवी माणसाला आपण पाहिलं, की हाताला कळतं ते चेंडू गेल्यानंतर. होगन यांच्या क्लबवरची झीज सांगते, की हातातली जाण खरी असू शकते. पण ती हजारो फटक्यांनी, प्रत्येक वेळी निकाल तपासून कमावलेली असते.

म्हणून आमचं मत असं. खूण वापरावी, पण आधी हाताला विचारावं. चेंडू मारला की बॅटकडे बघण्याआधी स्वतःला सांगायचं, 'टोकाला लागला' किंवा 'वर लागला'. मग बघायचं. दोन्हींतलं अंतर जसजसं कमी होईल, तसतसं त्या साधनाचं काम संपत जाईल. याला महागडा सेन्सर लागत नाही. एक जुना लाल चेंडू आणि पुसून स्वच्छ केलेली बॅट पुरे.

आज इथेच थांबू या. प्रश्न असतील तर आता जरूर विचारा.