नव्या इमारतीत इंटरनेटची निवड कोणाची?

नव्या गृहसंकुलात सदनिकेचा ताबा घेतल्यावर वीज, पाणी आणि गॅसजोडणीपाठोपाठ प्रश्न येतो तो इंटरनेटचा. शहरात अनेक सेवापुरवठादार असले तरी संकुलात मात्र एक वा दोघांचीच सेवा उपलब्ध असल्याचा अनुभव अनेक रहिवाशांना येतो. दर अधिक असोत वा सेवा वारंवार खंडित होवो, पर्याय नसल्याने तक्रारीला धार राहत नाही. घरून काम करणाऱ्यांना त्याची झळ अधिक बसते.

मक्तेदारी कशी निर्माण होते?

रस्त्यावरील फायबर केबल घरापर्यंत आणण्यासाठी भूमिगत नळी, मजल्यामजल्यांतून जाणारा डक्ट आणि उपकरणांसाठी वीजजोडणीसह जागा लागते. बांधकामाच्या काळात हे सारे विकासकाच्या हाती असते. त्याने एकाच कंपनीशी करार केला अथवा नळ्या एकाच केबलपुरत्या ठेवल्या, तर इतरांना नंतर प्रवेश मिळणे कठीण होते. कधी गृहनिर्माण संस्थाच प्रवेशासाठी मोठे शुल्क मागते आणि लहान पुरवठादार माघार घेतात.

नियम काय सांगतात?

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) जानेवारी २०१७ मध्ये इमारतींतील प्रवेशाविषयी शिफारशी केल्या. सर्व पुरवठादारांना भेदभावाविना प्रवेश मिळावा व मक्तेदारीचे करार होऊ नयेत, हा त्यांचा गाभा होता. दूरसंचार कायदा, २०२३ मध्येही मार्गाधिकार भेदभावाविना आणि शक्यतो एकाच कंपनीपुरता मर्यादित न ठेवता द्यावा, असे तत्त्व आहे. तथापि खासगी जागेत केबल टाकण्यासाठी पुरवठादाराला मालकाशी करार करावा लागतो आणि अडचण नेमकी तेथेच उद्भवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारांकित मानांकन देणारे विनियम अधिसूचित केले. मात्र ते ऐच्छिक आहे.

केवळ बंदी पुरत नाही, हे अमेरिकेत दिसून आले. तेथील दूरसंचार आयोगाने निवासी इमारतींतील दूरध्वनी सेवेच्या मक्तेदारी करारांना २००८ मध्ये मनाई केली. त्यानंतर घरमालकांना उत्पन्नातील वाटा देण्याचे मार्ग कंपन्यांनी अवलंबिले. अखेर २०२२ मध्ये अशा काही वाटणी करारांवरही आयोगाला निर्बंध घालावे लागले.

ग्राहकांनी काय करावे?

सदनिका खरेदीचा करार करण्यापूर्वी संकुलात किती पुरवठादारांची केबल येणार, डक्टमध्ये अतिरिक्त जागा आहे का आणि विकासकाने कोणाशी किती मुदतीचा करार केला आहे, हे लेखी विचारावे. माहितीपत्रकातील 'हायस्पीड इंटरनेट' या शब्दांवर विसंबू नये.

ताबा घेतलेल्या रहिवाशांनी संस्था लवकर स्थापन होईल, याकडे लक्ष द्यावे. बहुसंख्य सदनिकांची नोंदणी झाल्यापासून तीन महिन्यांत संस्था स्थापन होण्यास साहाय्य करण्याची जबाबदारी 'रेरा' कायद्याने विकासकावर टाकली आहे. कारभार हाती आल्यावर जुन्या कराराची प्रत मागवावी आणि विषय सर्वसाधारण सभेपुढे आणावा. प्रवेशशुल्क, केबलचा मार्ग व दुरुस्तीची जबाबदारी सर्व पुरवठादारांसाठी समान ठेवणारा ठराव केल्यास वाद टळतात. तोवर फायबरऐवजी मोबाइल मनोऱ्यावरून मिळणारी ५ जी घरगुती जोडणी हा पर्याय पडताळून पाहता येईल. तिचा वेग मात्र घरातील सिग्नलवर अवलंबून असतो.