बाकीचं त्याला ठाऊक आहे

आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. एकाहत्तरच्या लढाईतला त्यांचा एक जोडीदार साताऱ्याकडे असतो. दर डिसेंबरात त्या दोघांचा फोन होतो. एकदा मी तिथेच बसलो होतो. "जेवलास का? गुडघा काय म्हणतो? बरं, ठेवतो." झालं! मी म्हटलं, "सुभेदार, वर्षातून एकदा बोलता आणि एवढंच?" तर म्हणाले, "गुरुजी, बाकीचं त्याला ठाऊक आहे."

घरी आलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. बाकीचं ज्यांना ठाऊक आहे असे जवळजवळ सगळेच गेले तर? आणि जे चार-सहा उरले त्यांच्यावर आपल्याच माणसांनी विश्वास ठेवला नाही तर? असं खरोखर घडलेलं आहे, १९६२ साली, रेझांग लाला.

लडाखमध्ये चुशूलला विमानाची धावपट्टी आहे. तिच्या रक्षणासाठी १३ कुमाऊं ही पलटण भोवतालच्या डोंगरांवर बसली होती. रेझांग ला ही खिंड तिच्या चार्ली कंपनीकडे होती. उंची सोळा हजार फुटांच्या वर, पाणीसुद्धा गोठणारी थंडी. मधे डोंगर आडवा आल्यामुळे आपल्या तोफांचा मारा तिथवर पोचत नव्हता. म्हणजे जे काही करायचं ते जवळच्या .३०३ रायफली, लाइट मशीनगन आणि लहान उखळी तोफांच्या जिवावर. माणसं सुमारे १२०.

आता ही माणसं कोण होती ते बघा, कारण माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. कंपनीचे प्रमुख मेजर शैतान सिंग जोधपूरकडचे राजपूत, आणि जवान बहुतेक सगळे अहीर. रेवाडी, नारनौल, गुडगाव या पट्ट्यातले. हा भाग तेव्हा पंजाबात होता, आज हरयाणात आहे. एका गावचे, एका भावकीचे, एकमेकांच्या घरात मुली दिलेले. नाईक गुलाब सिंग आणि लान्स नाईक सिंग राम हे नात्याने मेहुणे, आणि दोघेही चिनी मशीनगनवर एकत्रच धावून गेले. शेजारच्या खंदकात आपल्या बहिणीचा नवरा असेल तर माणूस मागे कसा फिरेल? घरी जाऊन सांगणार काय?

१८ नोव्हेंबरच्या पहाटे हल्ला झाला. पहिल्या लाटा परतवल्या. मग तोफांचा मारा झाला, बंकर उडाले, शत्रू मागच्या बाजूनेही वर चढला. मेजरसाहेब एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर फिरत असताना जखमी झाले. रामचंदर यादव हा त्यांचा वायरलेसवाला जवान त्यांना उचलून खाली घेऊन निघाला. पुढे सरकणं अशक्य झालं तेव्हा साहेबांनीच त्याला सांगितलं, मला इथे सोड आणि पलटणीला जाऊन कळव, कंपनी कशी लढली ते. एका खडकाच्या आडोशाला त्यांना ठेवून तो निघाला. निहाल सिंग हा मशीनगन चालवणारा जवान दोन्ही हातांना गोळ्या लागलेल्या अवस्थेत चिन्यांच्या कैदेत सापडला आणि तिथून निसटून आला.

आणि खाली आल्यावर त्यांनी सांगितलेलं कोणाला खरं वाटेना.

यालाही कारण होतं. त्याच दोन-तीन दिवसांत पूर्वेकडे नेफामध्ये सेला सोडलं गेलं, बोमडिला पडलं, सगळीकडून माघारीच्याच बातम्या. अशा वेळी एक अख्खी कंपनी शेवटच्या गोळीपर्यंत लढली हे कोण मानणार? वाचलेल्यांना पळपुटे ठरवलं गेलं. ज्यांचे भाऊबंद वर बर्फात पडले होते त्यांनाच हे ऐकून घ्यावं लागलं.

फेब्रुवारी १९६३ मध्ये एका मेंढपाळाला रेझांग लावर प्रेतं दिसली. मग लष्कराची तुकडी वर गेली. थंडीमुळे सगळं जसंच्या तसं राहिलं होतं. कोणाच्या हातात रायफल, कोणाच्या हातात उखळी तोफेचा गोळा. शुश्रूषेचं काम करणाऱ्या धर्मपाल दहियाच्या हातात इंजेक्शनची सुई आणि बँडेज. मेजरसाहेब खडकाच्या आडोशालाच होते. ११० हून अधिक माणसं कामी आली होती. जिवंत माणसांच्या शब्दाला जे वजन आलं नाही ते मेलेल्या सोबत्यांनी मिळवून दिलं. मेजर शैतान सिंगांना परमवीर चक्र मिळालं, कंपनीतल्या आठ जणांना वीर चक्र.

पुढे रामचंदर यादव आणि निहाल सिंग म्हातारे होईपर्यंत येईल त्याला तीच हकीकत सांगत राहिले. कोण कुठल्या मोर्चावर होता, कोणाला कुठे गोळी लागली. ह्या मैत्रीत समोरचा फोन उचलत नव्हता, म्हणून बाकीचं सगळं जगाला सांगावं लागलं.

आम्ही शाळकरी पोरं त्या वेळी प्रभातफेऱ्या काढून संरक्षण निधीला पैसे जमवत होतो. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे तोंडपाठ. यशवंतरावांनी संरक्षण खातं हाती घेतलं ते २१ नोव्हेंबरला, म्हणजे रेझांग लानंतर तीनच दिवसांनी. पण ते नाव काही कानावर आलं नाही. आणि पुढे इतकी वर्षं इतिहास शिकवला, त्यात एकदाही मी ते वर्गात उच्चारलं नाही. पुस्तकात नव्हतं, ही सबब झाली.

२०२१ च्या १८ नोव्हेंबरला तिथल्या नूतनीकरण केलेल्या स्मारकाचं उद्घाटन झालं. १३ कुमाऊंचे त्या वेळचे एक अधिकारी, ब्रिगेडियर जटार, आले होते. आपले मराठी आडनाव बघून मी थबकलो. ते चाकाच्या खुर्चीत होते आणि खुर्ची संरक्षणमंत्री राजनाथ सिंग स्वतः ढकलत होते. तो फोटो मी सुभेदारांना नेऊन दाखवला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "गुरुजी, ह्यांना फोन कोणाचा येत असेल हो?"