अंगठा आणि जहाज

गुलामी कायद्यानं रद्द झाली की संपली, असं शाळेच्या पुस्तकात असतं. माझा त्यावर विश्वास नाही. पुरावा म्हणून मी सुरिनाम पुढं करतो.

दक्षिण अमेरिकेतल्या या डच वसाहतीत १ जुलै १८६३ रोजी गुलामी रद्द झाली. पण सुटलेल्यांना आणखी दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली मळ्यांवरच राबवलं. ही मुदत संपत आली तशी मालकांना नवे हात हवे झाले. १८७३ पासून कलकत्त्याहून हिंदुस्थानी मजूर आणले. १८९० पासून जावा बेटावरचे. हे बेट आज इंडोनेशियात आहे, तेव्हा तेही डचांचंच. ९ ऑगस्टला पहिले ९४ जण उतरले ते मारिएनबर्गच्या ऊसमळ्यासाठी. १९३९ पर्यंत सुमारे ३३,००० आले.

साखळदंड नव्हते. करार होता. पाच वर्षांचा. पुरुषाला दिवसाला ६० सेंट, बाईला ४०. कामाला नकार दिला की तो फौजदारी गुन्हा, शिक्षा तुरुंगाची. म्हणजे मालकाशी भांडण नाहीच, थेट सरकारशी.

त्याच करारात मुदतीनंतर फुकट परतीचं जहाज होतं. पण हक्क सोडा, १०० गिल्डर घ्या, इथंच राहा, असाही सौदा होता. कर्जबाजारी माणूस काय करणार? बहुतेकांना जावा पुन्हा दिसलं नाही.

१९३३ साली आंतोन द कोम हॉलंडहून पारामारिबोला परतला. त्याचा बाप गुलामीत जन्मलेला. घराच्या अंगणात टेबल मांडून तो गरिबांच्या तक्रारी लिहून घेऊ लागला. आफ्रिकी वंशाचे आले, हिंदुस्थानी आले, जावानीज तर झुंडीनं आले. हा आपल्याला घरी नेणार, अशी त्यांच्यात वार्ता पसरली होती. कागदावर होतं तेवढंच ते मागत होते.

१ फेब्रुवारीला सरकारनं त्याला पकडलं. ७ तारखेला त्याच्या सुटकेसाठी जमाव जमला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दोघे ठार, कित्येक जखमी. द कोमला हद्दपार केलं. १९३४ साली त्यानं ‘आम्ही सुरिनामचे गुलाम’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक काढलं. १९४५ साली तो नाझी छावणीत मेला.

मित्रांनो, सरकारला एका माणसाची आणि एका टेबलाची एवढी धास्ती का? मालकांनी मजूर दोन खंडांतून आणले होते, तीन भाषांचे, तीन धर्मांचे. ते एकमेकांना परके राहावेत यातच मळ्याचा फायदा. त्या अंगणात ते एका रांगेत उभे राहिले. गोळी त्या रांगेवर होती.